इरिडियम बुडाली, मग तिचे उपग्रह चालू कसे राहिले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरचे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई झालेले. एका उपग्रह-दळणवळण कंपनीची विदर्भासाठी फील्ड इंजिनियर म्हणून ऑफर हातात आहे. घरचे म्हणतात, गावोगाव फायबर आलं, टॉवर आले, आता डिश कोण लावून घेणार? त्यात तुम्ही इरिडियम या उपग्रह-फोनच्या कंपनीबद्दल वाचलं. ५०० कोटी डॉलर ओतून कंपनी सेवा सुरू झाल्यावर वर्षाच्या आत दिवाळखोरीत गेली. उपग्रहांवरून इंटरनेट देऊ पाहणाऱ्या वनवेबचंही पुढे तसंच झालं. तेव्हा हे क्षेत्रच बुडीत आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी नागपुरात राहून विदर्भात व्हीसॅटची, म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहाशी जोडणी देण्याची, कामं करत आलो आहे. बँकांच्या शाखा, कोळसा खाणी, पेट्रोल पंप, सरकारी कार्यालयं, सगळीकडे डिश बसवल्या आणि सांभाळल्या. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांब होईल, कारण इरिडियमची गोष्ट अर्धी वाचली तर चुकीचा निष्कर्ष निघतो आणि बहुतेक लोक ती अर्धीच वाचतात.

आधी एक स्पष्ट करतो. नोकरी घ्यावी की नाही, हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे. घरची जबाबदारी किती, महिन्यातले बरेच दिवस गडचिरोलीत अहेरी-सिरोंचाकडे मुक्काम करायची तयारी आहे का, ती कंपनी स्वतःचे उपग्रह उडवते की दुसऱ्याच्या उपग्रहावरची बँडविड्थ भाड्याने घेऊन सेवा विकते, या गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यावर उत्तर बदलतं. पण क्षेत्र बुडीत आहे का, हे मात्र नीट तपासता येतं. त्यासाठी प्रश्न असा विचारायला हवा: इरिडियम १९९९ मध्ये बुडाली, तरी तीच सेवा, त्याच नावाने, आज २० लाखांहून जास्त जोडण्यांवर कशी चालू आहे?

सुरुवात मोटोरोला या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीमध्ये झाली. १९८५ मध्ये तिथले अभियंते बॅरी बर्टिगर बहामा बेटांवर सुट्टीला गेले असताना त्यांच्या पत्नीला तिथून अमेरिकेत कामाचा फोन लावता येईना. जगात कुठूनही लागेल असा फोन का करता येऊ नये, ही कल्पना तिथली. १९८७ पासून बर्टिगर, रे लिओपोल्ड आणि केन पीटरसन यांनी तिच्यावर काम सुरू केलं.

तोपर्यंत दळणवळण म्हटलं की भूस्थिर उपग्रह. ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एका जागी दिसतो आणि डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही. पण एवढ्या लांब सिग्नल पोहोचवायचा तर हातातल्या छोट्या फोनची ताकद तेव्हा पुरत नव्हती. म्हणून यांनी उपग्रह ७८० किलोमीटरवर आणायचं ठरवलं. इतक्या खालचा उपग्रह साधारण १०० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो, त्यामुळे तुमच्या डोक्यावर तो जेमतेम दहा मिनिटं राहतो. तो मावळायच्या आत दुसरा यायला हवा. हिशोब ७७ उपग्रहांचा निघाला आणि अणुक्रमांक ७७ असलेल्या मूलद्रव्यावरून नाव पडलं इरिडियम. नंतर सहा कक्षांत अकरा-अकरा असे ६६ पुरतात असं ठरलं, नाव तेच राहिलं. यातली फार मोठी करामत अशी की हे उपग्रह एकमेकांशी थेट बोलतात. भर समुद्रातला कॉल एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उड्या मारत जमिनीवरच्या केंद्रापर्यंत जातो. खाली जवळपास केंद्र असण्याची गरज नाही. १९९० च्या सुमारास ही कल्पना करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

आता धंद्याची गोम बघा. भूस्थिर उपग्रहाच्या धंद्यात एक उपग्रह वर गेला की त्याच्या खालच्या देशांत विक्री सुरू करता येते. कमाई सुरू, मग दुसऱ्याची तयारी. खालच्या कक्षेत तसं होत नाही. ६६ पैकी ४० वर गेले म्हणून काही गिऱ्हाईक येत नाही, कारण थोडा वेळ लागणारा आणि मग बराच वेळ न लागणारा फोन कोणी घेत नाही. उपग्रहांची सगळी माळ पूर्ण होईपर्यंत कमाई शून्य आणि व्याज मात्र चालू. तुम्हाला ज्या ज्या खालच्या कक्षेतल्या कंपन्या दिवाळखोरीत गेलेल्या दिसतील, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच असतं.

इरिडियमने माळ मात्र झपाट्याने पूर्ण केली. ५ मे १९९७ ला पहिले पाच उपग्रह गेले आणि मे १९९८ पर्यंत, राखीव म्हणून ठेवलेले सुटे धरून, ७२ वर होते. अमेरिकेचा डेल्टा, रशियाचा प्रोटॉन, चीनचा लाँग मार्च, तिन्ही देशांची रॉकेटं वापरली. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पहिला कॉल केला. १३ ऑगस्ट १९९९ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मोबाइल आला आणि इरिडियम मेली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धं. आराखडा पक्का झाला तेव्हा मोबाइल दुर्मीळ होता. उपग्रह वर जाईपर्यंत जीएसएम हे मोबाइलचं तंत्र शहराशहरांत पोहोचलं, रोमिंग सुरू झालं. ज्याच्यासाठी इरिडियमचा फोन केला तो देशोदेशी फिरणारा व्यावसायिक विमानतळावर उतरून साध्या हँडसेटवर बोलू लागला. इरिडियमचा हँडसेट अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत ३,००० डॉलरच्या घरात, मिनिटाला काही डॉलर, आणि इमारतीच्या आत चालत नाही. हॉटेलच्या खोलीतून बोलायला बाहेर गच्चीवर जावं लागणार असेल तर तो माणूस दुसऱ्यांदा वापरत नाही.

उरलेलं अर्धं कारण कर्ज आणि करारमदारांत आहे. मोटोरोला या कंपनीची प्रवर्तक होती आणि सर्वांत मोठी पुरवठादारही. उपग्रहांची यंत्रणा उभारण्याचं सुमारे ३४५ कोटी डॉलरचं कंत्राट मोटोरोलाकडे आणि ती चालवण्या-सांभाळण्याचंही तिच्याकडेच. म्हणजे गिऱ्हाईक येवो न येवो, देणी ठरलेली. त्यात बँकांनी कर्जाला अट घातली होती की अमुक तारखेपर्यंत अमुक इतके ग्राहक झालेच पाहिजेत. ते झाले नाहीत. एखादी सेवा रुजायला तीन-चार वर्षं लागणार असतील आणि कर्जाची घडी सहा महिन्यांची असेल, तर चांगली यंत्रणाही उभी राहत नाही.

यात आपलाही पैसा होता. इरिडियम इंडिया टेलिकॉम या कंपनीत भारतीय वित्तसंस्थांनी गुंतवणूक केली होती आणि भारतासाठीचं जमिनीवरचं केंद्र पुण्याला होतं. पैसे बुडाल्यावर या कंपनीने मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फौजदारी तक्रार पुण्यातच केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कंपनीला मन नसतं, तेव्हा हेतू लागणाऱ्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालू शकत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. दोषी कोण, हे त्या निकालाने ठरलं नाही, पण कायद्याच्या विद्यार्थ्यांना आज इरिडियम हे नाव उपग्रहापेक्षा या निकालामुळे जास्त ठाऊक असतं.

मार्च २००० मध्ये व्यावसायिक सेवा बंद झाली. उपग्रह वातावरणात आणून जाळून टाकायची योजना तयार होती. चालू स्थितीतले सत्तरच्या आसपास उपग्रह. पॅन ॲम या विमान कंपनीचे माजी अध्यक्ष डॅन कोलसी तेव्हा मध्ये पडले. त्यांनी गुंतवणूकदार जमवले आणि अमेरिकी संरक्षण खात्याकडून दोन वर्षांचं ७ कोटी २० लाख डॉलरचं कंत्राट मिळवलं. त्या जोरावर सगळी यंत्रणा अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. ५०० कोटींची वस्तू अडीच कोटींत, म्हणजे शेकडा अर्धा टक्का. २००१ च्या मार्चमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली.

इथे थांबून विचार करा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उपग्रह तेच, फोन जवळजवळ तेच, मोबाइलचं जाळं तर आणखी पसरलेलं. बदललं काय? एक, कर्ज धुतलं गेलं. दोन, गिऱ्हाईक बदललं. हॉटेलात उतरणाऱ्या साहेबाच्या जागी सैनिक, जहाज, ध्रुवीय संशोधक, खाणीतलं यंत्र आले. यांच्याकडे दुसरा पर्याय नाही. पर्याय नसलेलं गिऱ्हाईक संख्येने थोडं असतं, पण ते महिन्याचं बिल चुकवत नाही आणि सोडूनही जात नाही.

पुढची वाढ तर आवाजातून झालीच नाही. इरिडियमचा मूळ डेटा वेग २.४ केबीपीएस, आजच्या हिशोबाने काहीच नाही. पण त्यांनी तीनेकशे बाइटांचे छोटे संदेश पाठवायची सेवा काढली आणि त्यासाठी तळहातावर मावणारा मोडेम. समुद्रात सोडलेले तरंगते संवेदक, विमानं, मालवाहू जहाजं, मोठमोठी खोदकाम यंत्रं असे संदेश पाठवू लागली: मी इथे आहे, इंजिनाचं तापमान इतकं, डिझेल इतकं. आज त्यांच्या जोडण्यांत अशा यंत्रांचा वाटा सर्वांत मोठा आहे. दर जोडणीमागे पैसे कमी, पण एकदा यंत्रात बसलं की वर्षानुवर्षं चालतं.

यात नशिबाचा भाग होता तोही सांगतो. पाच ते आठ वर्षं चालतील म्हणून बनवलेले ते उपग्रह वीस वर्षं चालले. ते मध्येच बंद पडले असते तर नव्या मालकांकडे दुसरी पिढी उडवायला पैसा नव्हता. १० फेब्रुवारी २००९ ला त्यांचा एक उपग्रह सायबेरियावर रशियाच्या निकामी कॉसमॉस २२५१ वर आदळला आणि दोघांच्या ठिकऱ्या झाल्या. अखंड उपग्रहांची अशी टक्कर इतिहासात पहिल्यांदाच झाली. तरीही सुट्या उपग्रहाने जागा भरून सेवा चालू राहिली. त्याच वर्षी कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर आली. फ्रान्सच्या निर्यात-पतहमीवर कर्ज उभं केलं, थालेस अलेनिया या उपग्रह बनवणाऱ्या कंपनीकडून नवे उपग्रह बनवून घेतले आणि जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या दोन वर्षांत स्पेसएक्सच्या आठ उड्डाणांत ७५ उपग्रह वर पाठवले. खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर. मोठी रक्कम आहे, पण या वेळी दारात आधीपासून लाखो जोडण्यांचं भाडं येत होतं. नव्या उपग्रहांवर विमानांचा माग घेणारी दुसऱ्या कंपनीची उपकरणंही बसवली आणि त्यांच्याकडून जागेचे पैसे घेतले. पहिल्या फेरीत आणि दुसऱ्या फेरीत हा फरक.

तुम्ही वनवेबचं नाव काढलं म्हणून तेही. मार्च २०२० मध्ये ती दिवाळखोरीत गेली तेव्हा ७४ उपग्रह वर होते, माळ अपुरी, कमाई नाही. भारती समूह आणि ब्रिटिश सरकार यांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती घेतली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियन रॉकेटं बंद झाली, तेव्हा इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये ३६-३६ उपग्रह नेले आणि जगभर पोहोचण्याइतकी माळ पूर्ण झाली. नंतर ती युटेलसॅट या फ्रेंच उपग्रह कंपनीत विलीन झाली. पुन्हा तेच: पहिल्या गुंतवणूकदारांचा पैसा गेला, यंत्रणा राहिली.

आता विदर्भाकडे येऊ. इरिडियमचा फोन भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही, तेव्हा माझं काम ते नाही. माझं काम भूस्थिर उपग्रहावरच्या व्हीसॅटचं. पण गिऱ्हाईकाचा नियम मला इथेही तोच दिसतो.

पूर्वी गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बँकेच्या शाखेत कोअर बँकिंग म्हणजे गच्चीवर १.२ मीटरची डिश, दुसरा मार्गच नाही. तिथलं काम असं: डिश अंदाजे दिशेला लावायची, मोडेमवर सिग्नलचा आकडा बघत एक-एक सूत सरकवायची. आकडा सर्वांत वर गेला की बोल्ट आवळायचा, आणि आवळताना डिश हमखास किंचित हलते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळायचे. मग हबवाल्याशी, म्हणजे सगळ्या डिश जिथे जोडलेल्या असतात त्या मुख्य केंद्रातल्या माणसाशी, बोलून क्रॉस-पोल तपासायचं, म्हणजे आपला सिग्नल शेजारच्या गिऱ्हाईकाच्या वाहिनीत सांडत नाही ना. मोबाइलला रेंज नसलेल्या गावात हा फोन करायला मदतनिसाला मोटारसायकलवर रेंजच्या टेकडीपर्यंत पाठवावं लागे. नंतर मोडेम हे स्वतःच करू लागले. परत निघताना शाखेतल्या शिपायाला एकच सांगणं: डिशवर वानरं बसू देऊ नका.

त्या शाखांपैकी पुष्कळ ठिकाणी आता फायबर आहे. तुमच्या घरच्यांचं म्हणणं तिथे खरं ठरलं, आमच्या जोडण्या गेल्या. पण सगळ्या गेल्या नाहीत. बऱ्याच जागी डिश मुख्य मार्गाऐवजी राखीव मार्ग झाली. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद. फायबर तुटली तर जोडायला गाडी जात नाही, टॉवरला डिझेल पोहोचत नाही. तेव्हा कार्यालयाचं काम गच्चीवरच्या डिशवर चालतं. खाणीत वेगळं कारण: काम पुढे सरकतं तसं कार्यालय सरकतं, दर वेळी केबल टाकण्यापेक्षा डिश उचलून नेणं सोपं. ग्रामपंचायतींना इंटरनेट देणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेतही जिथे फायबर नेणं परवडत नव्हतं त्या ग्रामपंचायती उपग्रहाने जोडल्या.

आणखी एक बारकावा, जो तुम्हाला नोकरीत लगेच लागेल. नागपूरहून ८३ अंश पूर्व रेखांशावरचा भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून जवळजवळ ६५ अंश वर दिसतो. म्हणजे सागाच्या जंगलातल्या शाळेलाही दक्षिणेकडे थोडी फट मिळाली की काम होतं. खालच्या कक्षेतले उपग्रह सगळ्या आकाशात फिरतात, त्यांना बरंच मोकळं आकाश लागतं. झाडाखाली ती डिश दर थोड्या वेळाने अडखळते. उलट भूस्थिरला जाण्या-येण्यात अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, व्हिडिओ कॉलवर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. खालच्या कक्षेत ही अडचण जवळजवळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने खालच्या कक्षेतून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोलीचं नाव आहे. मला वाटतं, ज्या शाळेला, दवाखान्याला बोलणं-दाखवणं करायचं आहे तिथे खालची कक्षा जिंकेल, आणि ज्याला दिवसभरात चार व्यवहार बिनचूक पाठवायचे आहेत तिथे जुनी डिश बरीच वर्षं टिकेल. दोन्हीकडे छतावर चढणारा, अर्थिंग तपासणारा, उन्हाळ्यात ४५ अंशांत तापलेला ट्रान्समीटर बदलणारा माणूस लागणारच.

म्हणून क्षेत्र बुडीत नाही, असं माझं ठाम मत आहे. एखादी कंपनी बुडू शकते, आणि ती बहुधा उपग्रह उडवणारी असते, डिश सांभाळणारी नाही. सामान्य ग्राहकाच्या मागे धावणं अजूनही अवघड आहे. इरिडियमने जानेवारी २०२३ मध्ये फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमबरोबर साध्या स्मार्टफोनमध्ये उपग्रह संदेश द्यायचा करार जाहीर केला होता, तो त्याच वर्षी मोडला, कारण फोन बनवणाऱ्यांनी ते घेतलं नाही. यंत्रांचं गिऱ्हाईक मात्र जागेवर राहिलं.

मुलाखतीला जाल तेव्हा पगारासोबत हेही विचारा. विदर्भातल्या त्यांच्या जोडण्यांपैकी मुख्य मार्ग किती, राखीव किती? करार वर्षाचे की पाच वर्षांचे? बिल बँक किंवा खाण भरते, की योजनेच्या अनुदानातून येतं? अनुदानाचं असेल तर बिलं किती महिने थकतात, कारण थकली की पहिला भत्ता फील्डवाल्याचा अडकतो. बँडविड्थ कोणत्या उपग्रहावर आहे आणि त्याचं आयुष्य किती उरलं आहे? नीट उत्तरं मिळाली तर ऑफर घ्या. पहिल्या वर्षी आरएफबरोबर (डिश आणि रेडिओ सिग्नलचं काम) आयपी राउटिंगही (नेटवर्कमध्ये डेटाची वाट ठरवणं) शिकून घ्या, हल्लीच्या निम्म्या तक्रारी डिशच्या नसतात, राउटरच्या असतात. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारच्या सुमारास, सगळ्या शाखांची लिंक काही मिनिटं एकदम गेली तर गाडी काढू नका. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो, लिंक आपोआप परत येते.